पोच

पुलाच्या सातव्या तुळईला, खालच्या अंगाने,
मी ते यंत्र चिकटवलं तेव्हा झुराबने विचारलं,
"एतेरी, बॅटरी कुठंय?"
नाही, म्हटलं. हातावर पोट आहे त्याचं.
गाडी गेली की तुळई थरथरते,
त्या थरथरीतले दोन घास ते बाजूला ठेवतं
आणि तेवढ्यावर एकदाच बोलतं :
भेग किती, गंज किती, मी कोण.
मग विझतं.
"मग विझतं," तो पुन्हा म्हणाला,
नव्या माणसाचं आडनाव घोकावं तसं.

चाळीस वर्षं तो हा पूल ठोकत हिंडला,
रिओनीच्या पाण्यावर ओणवा, लांब दांड्याची हातोडी घेऊन.
बरी तुळई खणकन् बोलते, आजारी बदकन्.
आता निवृत्त. उजवा कान गेलेला, डावा शाबूत.
"एक दिवा तरी लाव," म्हणाला,
"बोललं की लुकलुकेल असा. वर उभ्या माणसाला कळू दे."
मी म्हटलं, दिवा फार खातो.

खरं तर अडचण बोलण्याची नव्हतीच.
ऐकत बसायलाही तेवढंच लागतं, कधी जास्तच.
(हे मी प्रयोगशाळेत शिकले. घरी नंतर कळलं.)
निरोप सुटल्यावर त्याच्यात अकरा मिलिसेकंदांचं त्राण उरतं.
तेवढ्यात खालून पोच आली तर ठीक,
नाही तर तोच निरोप, तोच क्रमांक उराशी धरून
पुढच्या गाडीपर्यंत मरून पडायचं.
किती वेळ मेलो होतो, तेही त्याला कळत नाही;
घड्याळालाही खायला लागतं.
म्हणून खाली स्टेशनातल्या यंत्राला आम्ही सांगून ठेवलं :
तुला वीज आहे, तू झोपायचं नाहीस.

डिसेंबरात खिंड बुजली.
चार दिवस गाडी नाही.
पडद्यावर एकच ओळ, लाल : संपर्क नाही.
त्बिलिसीहून फोन : पूल ठीक आहे ना?
काय सांगणार.
उपाशी असणं, मेलेलं असणं,
आणि तुळईच नदीत गेलेली असणं,
तिन्ही इथून सारखीच दिसतात.

पाचव्या सकाळी झुराब कुणालाही न विचारता निघाला.
सून म्हणाली, हातोडी नेलीय, आणि अर्धा पाव.
वर मोबाइलला रेंज नाही.

नऊ बेचाळीसला ओळ उमटली.
क्रमांक ४११२. भेग : होती तेवढीच.
मी खुर्चीतून उठले, मग परत बसले.
आमच्या यंत्राने पोच पाठवली
पण हातोडीचे घास ते किती.
वरच्याचं त्राण आधीच सरलं होतं.

नऊ चव्वेचाळीस. ४११२.
नऊ सत्तेचाळीस. ४११२.
नियम माझाच : तोच क्रमांक पुन्हा आला तर टाकून द्या,
फक्त पोच पुन्हा पाठवा.
यंत्राने टाकले. मी कागदावर लिहून ठेवले.
बर्फात एक म्हातारा लोखंड बडवतोय
आणि त्याचं पोचलंय
हे त्याला सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं,
एक लुकलुकता ठिपकासुद्धा नाही.

नऊ त्रेपन्नला ४११३ आला.
म्हणजे पोच मिळाली होती.
यंत्राला. झुराबला नाही.
तो दहा वीसपर्यंत ठोकत राहिला.

संध्याकाळी भुवयांवर बर्फ घेऊन आला,
बुखारीपाशी बसला, लोबिओची वाटी ओढली.
"सातवी बरी आहे," म्हणाला. "खणकन् बोलते."
"पोचलं," मी म्हटलं.
त्याने डावा कान माझ्याकडे वळवला.
"काय?"
"पोचलं!"

उन्हाळ्यात मी दिवा लावला.
आता दर निरोपात एक आकडा कमी मावतो,
गंजाची बातमी दिवसभर उशिरा येते.
चालेल.